खोडायच्या बटणाशेजारचं बटण

कंपनीला वठणीवर कसं आणायचं ते माझ्याकडून शिकावं. कॉम्प्युटर बनवणारे लोक गिऱ्हाइकाचं ऐकत नाहीत, अशी कुरकुर करणारे मला रोज भेटतात. मी त्यांना एकच विचारते, तुम्ही सांगितलंत का? मी सांगितलं. अकरा पत्रं लिहून सांगितलं!

मागणी साधी होती. माझ्या लॅपटॉपवर उजव्या कोपऱ्यात खोडायचं बटण आहे आणि त्याला अगदी खेटून लॅपटॉप बंद करायचं बटण. एखादं अक्षर खोडायला जावं, बोट जरासं सरकावं, की समोर काळोख. मी शाळेत उपमुख्याध्यापिका आहे. अडतीस शिक्षकांचं वेळापत्रक मी लावते. गणिताच्या सरांना पहिला तास नको असतो, चित्रकलेच्या बाईंना संगीताच्या वर्गाचा शेजार नको असतो. हे सगळं जुळत आलं की माझं बोट सरकतं. यंदा चार वेळा सरकलं आणि चौथ्या वेळी मी खरोखर रडले. सोमवारी वेळापत्रक लागलं नाही तर हे काम भूगोलाच्या सरांकडे जाणार होतं, आणि त्यांनी ते मला निवृत्त होईपर्यंत ऐकवलं असतं.

“मध्ये मध्ये सेव्ह करत जा,” असं माझा नवरा म्हणतो. ज्यांना आयुष्यात कधी वेळापत्रक लावावं लागलेलं नाही त्यांना असले सल्ले सुचतात.

तर बाराव्या पत्राची वेळच आली नाही. कंपनीनं कळवलं की नवं मॉडेल काढण्याआधी ते ग्राहकांच्या घरी निरीक्षक पाठवतात, आणि शनिवारी माझ्याकडे येणार आहेत. मी ते पत्र शिक्षकांच्या खोलीत मोठ्यानं वाचून दाखवलं. भूगोलाचे सर बसले होते तिथेच उभं राहून.

शनिवारी निरीक्षक आले. किडकिडीत, अदबशीर माणूस. दारात बूट काढले, माझ्या मागे स्टुलावर बसले आणि याच कंपनीचा, अगदी माझ्यासारखाच लॅपटॉप मांडीवर उघडला. समोरच्या सोफ्यावर माझ्या सासूबाई नेहमीप्रमाणे लवंडल्या होत्या. त्यांनी आजवर कॉम्प्युटरच्या एकाही बटणाला बोट लावलेलं नाही. मी बटणाची सगळी कर्मकथा सांगितली. निरीक्षकांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली.

“तोंडी सांगितलेलं आम्ही धरत नाही, मॅडम,” ते म्हणाले. “माणसं सांगतात एक आणि करतात भलतंच. तुम्ही काम करा. बटण चुकून दाबलं गेलं की मी नोंद करतो.”

एवढंच ना! मी वेळापत्रक लावायला बसले. आणि त्या दिवशी माझं बोट असं काही सरळ चालायला लागलं की मलाच त्याचा राग आला. तासभर गेला, एक चूक नाही. शेवटी मी मन घट्ट केलं आणि ते बटण दाबून टाकलं. काळोख झाला. मी जमेल तितका हताश चेहरा करून मागे वळले.

“हे मुद्दाम होतं,” निरीक्षक म्हणाले.

“छे, चुकूनच.”

“दाबण्याआधी तुम्ही माझ्याकडे पाहिलंत.”

तासाभराचं वेळापत्रक गेलं ते गेलंच. मग मी स्वयंपाकघरात जाऊन नवऱ्याला बजावलं की माझं लक्ष उडेल असं काहीतरी कर. त्यानं मनापासून केलं. आतल्या खोलीतून मला फोन लावला, दोन पातेली खाली पाडली, नाकावर चष्मा असताना चष्मा कुठे आहे ते विचारलं. पण बावीस वर्षांच्या संसारात हे मी रोजच सोसत आले होते. माझं बोट केसभरही हललं नाही, आणि चार वाजता अडतीसच्या अडतीस शिक्षकांचं वेळापत्रक पुरं झालं. ते मी सेव्हसुद्धा केलं. आनंद मात्र काडीचा झाला नाही.

सहज मागे पाहिलं तर निरीक्षकांच्या पडद्यावर शेवटची ओळ होती: ‘बंद करायच्या बटणाचा ग्राहकाला त्रास नाही.’

माझा पाराच चढला. अकरा पत्रं लिहिणाऱ्या बाईला त्रास नाही? मी इतकी बोलले, इतकी बोलले, की ते बिचारे गांगरले. “ती ओळ काढतो, मॅडम,” म्हणत त्यांनी खोडायला बोट पुढे केलं. बोट जरासं सरकलं आणि त्यांच्या मांडीवर काळोख झाला!

दिवसभराच्या नोंदी गेल्या. ते त्या काळ्या पडद्याकडे बघत राहिले. मला त्यांची कीव आली आणि त्याहून जास्त आनंद झाला.

“मध्ये मध्ये सेव्ह करत जायचं,” माझा नवरा त्यांना म्हणाला.

“आता तरी लिहाल ना?” मी विचारलं.

“मी ग्राहक नाही, मॅडम. कर्मचाऱ्याची चूक धरत नाहीत,” ते खोल गेलेल्या आवाजात म्हणाले. “जे आठवेल ते लिहीन.”

ते दारात बसून बूट घालायला लागले. तेव्हा दिवसभरात पहिल्यांदाच सासूबाईंनी तोंड उघडलं. “अहो, त्या झाकणावर तुमच्या कंपनीचं चिन्ह चमकतं ना, ते दुपारी माझ्या डोळ्यांवर येतं. तेवढं काढा.”

“बरं, आजी,” असं म्हणून ते गेले.

आठ महिन्यांनी नवं मॉडेल बाजारात आलं. मी पहिल्याच दिवशी घेऊन आले आणि खोकं सगळ्यांसमोर उघडलं. आत छापील पत्रक होतं: ‘ग्राहकांचा आग्रह आम्ही ऐकला! झाकणावरचं चिन्ह आता चमकणार नाही.’ बंद करायचं बटण होतं तिथेच होतं. त्याला फक्त थोडं मोठं केलं होतं.

तेव्हा कंपनी ऐकते, हे माझं म्हणणं खरंच ठरलं. मी लिहायला घेतलेलं बारावं पत्र अर्ध्यात ठेवलं, दोन कप चहा केला आणि सोफ्यावर सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसले. आई, तेवढं बटणाचं तुम्हीच सांगाल का, असं शक्य तितक्या गोड आवाजात विचारलं.

त्यांनी चहाचा घोट घेतला.

“बोलाव त्याला,” त्या म्हणाल्या. “बूट घालायला लागला की सांगते.”