आबांचा फिरता रुपया

आबा तिरोडकर माणसाचे नाव विचारण्याआधी त्याचा आवाज पारखत. लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर आम्ही बिऱ्हाड केले, त्या दिवशी मी ट्रंक घेऊन जिना चढलो तेव्हा कठड्याला टेकलेल्या एका किरकोळ म्हाताऱ्याने मला अडवले.

"काहीतरी बोला."

"मी दळवी," मी म्हणालो. "कारकून आहे. सोळा नंबरची खोली."

त्यांनी मान डावीकडे कलवून ऐकले आणि निकाल दिला, "चांदी आहे, पण भेसळ आहे."

बायको हसली, मीही हसलो. आज वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी ते वाक्य लिहून काढताना मला हसू येत नाही.

गिरणीत पगाराच्या खिडकीमागे बसून नाणी वाजवून पारखण्यात आबांची तीस वर्षे गेली होती. निवृत्तीनंतर ते काम त्यांनी स्वतःच्या उंबरठ्यावर सुरू केले. काळ्या फरशीवर रुपया टाकायचा, मान कलवायची, आणि तोवर आसपास कोणी श्वासही मोठ्याने घ्यायचा नाही. राणीच्या चित्राचा जुना रुपया खणखणला, की ते तृप्त होऊन म्हणत, "बाई बोलली." लढाईच्या काळातला, निम्म्या चांदीचा रुपया बद्द वाजला, की म्हणत, "ह्याचा घसा बसलाय. ह्याला बाजारात नेऊ नका, डॉक्टरकडे न्या."

एकदा खालून संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा चालला होता. घोषणांनी गॅलरी दणाणत असताना आबांनी वाकून हाक दिली, "पोरांनो, जरा दम खा रे. इथे बाई बोलतायत." आणि मोर्चा खरोखर थबकला. खालून एकाने विचारले, "बाई विलायतेची ना, आबा? मग तिला सांगा, मुंबई आमची." आबांनी रुपया वाजवला, ऐकला आणि म्हणाले, "तिची हरकत नाही. चला."

त्याच सुमारास चांदीचा भाव चढू लागला. राणीच्या एका रुपयाला दीड रुपया मिळतो, ही बातमी चाळीत पसरली आणि बारशात मिळालेले, ओटीत आलेले, डाळीच्या डब्यात पुरलेले रुपये बाहेर पडले. झवेरी बाजारात फसगत नको म्हणून लोक आधी आबांकडे येत. आबा पारख फुकट करीत आणि प्रत्येकाला एकच सांगत, "विकू नका. भाव चढेल, उतरेल, पण गेलेली बाई माघारी यायची नाही." लोक मान डोलवीत आणि विकून येत. पुढे भाव पावणेदोनावर गेला, तेव्हा ज्यांनी दीडला विकले होते ते घरात सुतक असल्यासारखे बसून राहिले. माझ्या आईचे चार रुपये मीही दीडलाच दिले होते. महिनाभर मी त्या एका रुपयाच्या नुकसानीचे दुःख केले. आईच्या नाण्यांचे केले नाही.

मग दिवाळी आली आणि लक्ष्मीपूजनाला आख्ख्या मजल्यावर चांदीचा रुपया उरला नव्हता. उरला होता तो एकट्या आबांकडे. बायका कष्टी झाल्या. लक्ष्मीपुढे काय आता नवा पैसा ठेवायचा? तेव्हा आबांनी एकोणीस खोल्यांचे वेळापत्रक आखले आणि धुतलेले धोतर नेसून, विड्याच्या पानावर आपला रुपया घेऊन ते फिरतीवर निघाले. प्रत्येक उंबरठ्यावर नाणे एकदा वाजवायचे, "बाई बोलली" म्हणून चौरंगावर ठेवायचे आणि बाहेर येऊन पाठमोरे उभे राहायचे. दुसऱ्याच्या लक्ष्मीकडे बघू नये, हा त्यांचा नियम. बाहेरून त्यांचा तगादा चाले, "आरती अर्धीच म्हणा, पुढच्या खोलीचा मुहूर्त टळतोय."

सतरा नंबरचा सावंत थट्टेखोर. तो म्हणाला, "आबा, बाईला कुंकू लावताय खरे, पण ही राणी विधवा होती म्हणतात."

"नाण्यावर तसे लिहिलेले नाही," आबा म्हणाले.

आबांच्या स्वतःच्या खोलीत कंदील नसे आणि फराळही नसे. बायको जाऊन वीस वर्षे झाली होती, मूलबाळ नव्हते. एरवी त्यांना कोणी घरी बोलावीत नसे, कारण ते यजमानाच्या तोंडावर त्याच्या आवाजाची भेसळ सांगत. वर्षातून त्या एका संध्याकाळी मात्र एकोणीस दारे त्यांची वाट बघत.

दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीत मी तो रुपया बदलला.

अडचण होती, असे लिहिता आले असते. अडचण नव्हती. खिशात लढाईच्या काळातला एक रुपया होता, ज्याला बाजारात कोणी धड विचारीत नव्हते. चौरंगावर राणीचा होता. बायको आत होती आणि आबा नियमाप्रमाणे पाठमोरे उभे होते. त्या पाठीकडे बघत मी हात पुढे केला. आईच्या चार रुपयांत जो रुपया बुडाला, तो वसूल करतो आहे, असे काहीतरी त्या क्षणी मनात होते.

आबांनी नाणे पानावर घेतले आणि ते सतराच्या उंबरठ्याशी गेले. तिथे ते वाजवणार, हे माझ्या तेव्हा लक्षात आले. आवाज आला, बद्द आणि घोगरा. गॅलरीत सगळ्यांनी ऐकला. आबा वाकलेलेच राहिले. मग सरळ होत म्हणाले, "बाई बोलली."

"आबा," सावंत म्हणाला, "बाईचा घसा बसलाय की."

"काय म्हणालास?"

"घसा बसलाय म्हटलं."

"मोठ्याने बोल. मला हल्ली कमी येतं ऐकू."

महिन्याभरात आबा बहिरे झाल्याचे चाळीने पक्के केले. त्यांच्या उंबरठ्यावर नाणे घेऊन कोणी येईना. बायका वाटेत भेटल्या तर त्यांच्या कानाशी ओरडू लागल्या. मला मात्र त्या बहिरेपणाचा आधार झाला. त्यांनी ऐकलेच नसेल, तर त्यांचे काही गेलेच नाही, असा हिशेब मी मांडला.

पुरता तो पटत नव्हता. राणीचा रुपया विकून मी पावणेदोन रुपये आणले होते. त्या पैशांचे काय घेतले तेही आता आठवत नाही. तसाच दुसरा विकत घ्यावा आणि परत करावा, असे ठरवून मी बाजारात गेलो. भाव दोनाच्या वर गेला होता. थोडा उतरला की घेऊ, असे म्हणून मी परतलो. पुढे दर महिन्याला जाऊन भाव विचारीत असे. तो उतरला नाही, आणि माझा पश्चात्ताप दर महिन्याला काही आण्यांनी महाग होत गेला.

एका रविवारी आबा गॅलरीत एकटे बसले होते. मी शेजारी बसलो आणि अगदी हळू, जाणूनबुजून हळू, म्हणालो, "आबा, तो रुपया मी बदलला."

ते रस्त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "काय म्हणता? मोठ्याने बोला."

मी घसा साफ केला आणि साऱ्या मजल्याला ऐकू जाईल असे विचारले, "प्रकृती बरी आहे ना?"

"बरी आहे," आबा म्हणाले.

पुढच्या दिवाळीला एकोणिसांपैकी सहाच खोल्यांनी त्यांना बोलावले. बहिऱ्या माणसाच्या रुपयावर भरवसा कसा ठेवायचा, असे बाकीच्यांनी ठरवले होते. माझ्या बायकोने बोलावले. तिला काही माहीत नव्हते. आबांनी उंबरठ्यावर नाणे वाजवले नाही. ते चौरंगावर ठेवले आणि बाहेर जाऊन पाठ केली. मी माझ्याच खोट्या रुपयाला कुंकू लावीत होतो. मुहूर्त गाठण्याची घाई आता नव्हती, म्हणून बायको त्यांच्यासाठी फराळाची बशी भरायला बसली. मुलीच्या कानाशी लागून ती पुटपुटली, "चकल्या दोनच घाल. त्यांना दात कुठे आहेत."

गॅलरीतून, मान न वळवता, आबा म्हणाले, "तीन घाल गो. एक उद्याक ठेवतंय."

मुलगी खुदकन हसली. बायकोने जीभ चावली. माझी कुंकवाची चिमूट हातातच राहिली. ज्याला हे ऐकू आले, त्याला फरशीवरचा तो घोगरा आवाज ऐकू आला होता, आणि रविवारचे माझे वाक्यही.

मी वर पाहिले. ते दारात येऊन बशीसाठी हात पुढे करीत होते. माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही. पानावर रुपया घेतला, बशी धोतराच्या सोग्याने झाकली. तेवढ्यात सावंताने आपल्या दारातून हाक दिली, "आबा, येताय ना?"

आबांनी कानाला हात लावला आणि म्हणाले, "मोठ्याने बोल रे बाबा."