व्हरांड्यातला सिद्धांत

श्रीरंग देवस्थळींनी तळ्याकाठी कॉटेज घेतलं, पण त्याला कॉटेज कुणाला म्हणू दिलं नाही. "दाचा म्हणायचं! रशियन माणसाचं उन्हाळ्यातलं घर!" अमेरिकेतल्या ट्रॉय शहराहून गाडीने तीन तास उत्तरेला दोन खोल्या, एक व्हरांडा आणि विहिरीचं पाणी ओढणारा पंप. डास इतके खानदानी, की आधी बेल वाजवत आणि मगच चावत.

चौतीस वर्षं मोटारींचे पंप डिझाइन करून निवृत्त झालेल्या श्रीरंगांना आता एकच ध्यास होता. वाचनमंडळात आपलं भाषण गाजलं पाहिजे. गेल्या वर्षी त्यांच्या भाषणात डॉक्टर गिरीश घोरले होते. ते घोरणं मंडळाच्या रेकॉर्डिंगमध्ये अजून स्पष्ट ऐकू येतं.

रविवारी दुपारी चौदा माणसं आली. रिवाजाप्रमाणे आधी 'घर दाखवणं' झालं. दोन खोल्यांना पाऊण तास लागला, कारण कपाटंही उघडून दाखवली. मग व्हरांड्यात भाषण सुरू झालं.

"रशियन कथेतला दाचा म्हणजे आख्खा समाज, बरं का! मंडळी व्हरांड्यात बसून भवितव्यावर बोलतात. छप्पर गळत असतं, पण उठत कुणीच नाही!"

तिसऱ्या पानावर डॉक्टरांची हनुवटी छातीला टेकली. श्रीरंगांनी आवाज चढवला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून पद्मिनीबाई ओरडल्या, "अहो, पाणी गेलं! चहा होणार नाही!"

सगळे खडबडून जागे झाले.

"विहीर आटली असणार," डॉक्टर म्हणाले.

"समोर एवढं तळं आहे, डॉक्टर!" मंडळातला तरुण सुमंत म्हणाला. "पंपाचा प्रेशर स्विच गेला असेल."

"मग बघ ना जाऊन."

"मी सॉफ्टवेअरचा, यार."

"पूर्वी लोक बादल्या भरून ठेवायचे," मंजुषाकाकूंनी सुस्कारा सोडला. "हल्लीच्या पिढीला प्लॅनिंगच नाही."

तिथून गाडी पिढीवर गेली, मग देशावर, मग जगावर. श्रीरंगांनी चौथ्या पानामागे आकृती काढून पंप बंद पडण्याची सात कारणं समजावली. तास गेला. खुर्ची कुणीच सोडली नाही.

अचानक नळ फुसफुसला आणि थोड्याच वेळात पद्मिनीबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या. डॉक्टरांनी ट्रेकडे पाहिलं, मंडळींकडे पाहिलं आणि मांडीवर थाप मारली.

"अरे, तासभर आपण तेच केलं की! श्रीरंगराव, तुम्ही आम्हालाच रशियन कथेत बसवलंत! काय डेमॉन्स्ट्रेशन दिलंत!"

टाळ्यांनी तळ्यावरची बदकं उडाली. श्रीरंग छातीवर हात ठेवून झुकले. "समाज दाखवायचा, तर असा दाखवायचा!"

ऊन उतरायच्या आत पाहुणे गेले.

"पंपाला झालं काय होतं गं?"

"काही नाही. खिडकीतून डॉक्टरांची मान पडलेली दिसली, म्हणून मीच स्विच बंद केला."

"आणि तासभर बंद ठेवलास?"

"म्हटलं, जन्मभर पंप केलेला माणूस तरी उठून बघायला येईल."

श्रीरंगांनी भाषणाची पानं नीट जुळवली. मग छाती पुन्हा फुगली. "बघ! सिद्धांत किती पक्का! खुद्द वक्तासुद्धा त्यातून सुटला नाही!"

"हो ना. आणि तुमच्या त्या कथांमध्ये एवढ्या कपबशा कोण विसळतं हो?"

श्रीरंगांनी सहाही पानं उलटीसुलटी चाळली. त्यावर एक ओळही नव्हती.

ते खुर्चीतून उठले.