बर्फाखालचे वीस मिलिअँप

"पाण्याची पातळी वाचणारं मॉड्यूल गेलंय, दुसरं काही नाही. पंधरा मिनिटांचं काम," असं बायकोला छातीठोकपणे सांगून हिल्केनं बूट चढवले.

"मागं पंधरा मिनिटांसाठी गेलास तो दुसऱ्या दिवशी उगवलास," बाउक्ये मटाराचं सूप ढवळत म्हणाली.

हिल्केनं टोपी कानांवर ओढली. भांडायलाही अंगात त्राण लागतं. तो पाणी खात्याचा तंत्रज्ञ, त्यामुळं पोल्डरच्या, म्हणजे बांध घालून समुद्रातून मिळवलेल्या जमिनीच्या, पंपघराचा अलार्म तीन दिवस त्याच्याच फोनवर कोकलत होता: पाणी उतरलं, पाणी चढलं, पुन्हा उतरलं. आणि बाहेर सगळा कालवा गोठून थिजलेला!

नऊ वर्षांनी असा बर्फ धरला होता. उद्या गावची स्केटिंगची फेरी. बर्फ मंडळाचा अध्यक्ष म्हणजे हिल्केचा सख्खा मेहुणा डुर्क. पंप चालला की खालचं पाणी उतरतं, वरचा बर्फ अधांतरी राहतो आणि मोडतो, म्हणून त्यानं पाणी खात्याच्या हातापाया पडून पंप बंद करवला होता. पंपघराच्या दारावर त्याच्याच अक्षरात पाटी होती: 'पंप बंद आहे. हात लावाल तर गाठ माझ्याशी आहे.' हिल्केनंही स्केट्सना धार लावून ठेवली होती. बाउक्येच्या जोडीनं एकदा फेरी मारावी, एवढीच आता त्याची हौस उरली होती.

एरवी तो आत शिरल्याबरोबर पंपाचा खटका 'बंद'वर फिरवायचा. पण पाटीच सांगतेय म्हटल्यावर कशाला? पाण्याची पातळी विजेच्या प्रवाहात सांगणाऱ्या सेन्सरची वायर त्यानं मॉड्यूलमधून सोडवली आणि तिथं आपलं तपासणीचं यंत्र जोडलं. चार मिलिअँप सोडले, पडद्यावर पाणी तळाला. बारा सोडले, मध्यावर. वीस सोडले, काठोकाठ. मॉड्यूल ठणठणीत होतं. हिल्के हिरमुसला. ते बिघडलेलं असतं तर सूप गरम मिळालं असतं.

एवढ्यात मागं घरघर सुरू झाली. पंप 'बंद' म्हणजे खात्यानं तो सुरू होण्याची पातळी नुसती उंच नेऊन ठेवली होती. काठोकाठचा आकडा बघून पंप चालवणाऱ्या कंट्रोलरला वाटलं, पोल्डर बुडाला. तो बिचारा कामाला लागला.

हिल्केनं घाबरून यंत्र उपटलं. हे म्हणजे आगीतून फुफाट्यात. आता सिग्नलच नाहीसा झाला, आणि समुद्राच्या पातळीखाली राहणाऱ्या लोकांचा कंट्रोलर काही कळेनासं झालं की एकच गोष्ट करतो: उपसतो. दुसराही पंप सुरू झाला. खटका थंडीनं गच्च धरलेला. हिल्के दोन्ही हातांनी त्याला लोंबकळला तेव्हा कुठं फिरला. तोवर नऊ मिनिटं गेली होती. बाहेर काहीतरी कडाडलं. त्यानं सेन्सरची वायर मुकाट्यानं परत जोडली.

दारात डुर्क उभा होता. "दाजी, पाटी वाचता येते ना?"

"वाचली म्हणून तर घोळ झाला."

पंपघरासमोरचा चाळीस पावलं बर्फ खचून फुटला होता. डुर्क काठावर बसकण मारून म्हणाला, "शाळेतल्या निम्म्या पोरांनी कालवा गोठलेला बघितलेलाच नाही, दाजी." हिल्केला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढचा बर्फ मात्र शाबूत होता. "एवढा तुकडा लोक काठानं चालतील, स्केट्स घालूनच," डुर्क सावरला. "पात्यांची धार जाऊ नये म्हणून खाली अंथरायला काहीतरी लागेल. ताईला फोन केलाय मी. तुमच्या बैठकीतला गालिचा मोठा आहे म्हणाली."

मग राहिलेला बर्फ किती जाड आहे ते मोजायला तो लोखंडी शिडीवरून खाली वाकला आणि आधाराला शेजारची काळी वायर धरली. हिल्केचा फोन कोकलला: पाणी उतरलं. डुर्कनं वायर सोडली. पाणी चढलं.

"डुर्क, दिवसातनं किती वेळा मोजतोस?"

"तासातासाला. का?"

"आणि दर वेळी हीच वायर धरतोस?"

"मग काय धरू? शिडी निसरडी आहे."

वायरच्या खालच्या टोकाला सेन्सर लोंबत होता. तीन दिवस हा गृहस्थ त्याला पाण्यातून वर खेचत होता.

तेवढ्यात खात्यातून रेन्स्केचा फोन आला. "कारण सापडलं?"

खरं सांगावं तर मंडळाची परवानगी जाणार, पंप सुरू होणार आणि उरलासुरला बर्फही मोडणार. डुर्क पडेल चेहऱ्यानं त्याच्याकडं बघत होता.

"मॉड्यूल गेलं होतं," हिल्के म्हणाला. "पंपही त्यानंच चालवला. बदलतोय."

आणि ते ठणठणीत मॉड्यूल उपटून त्यानं नवं बसवलं. बसवताना त्याला कसायासारखं वाटलं.

सकाळी फेरी सुरू झाली. बाउक्येचा हात धरून हिल्के पंपघरापर्यंत आला आणि गालिच्यावर चढला. पुढची एक म्हातारी स्केट्सवर लटपटली आणि हाताशी आली ती वायर तिनं धरली. हिल्केचा फोन कोकलला: पाणी उतरलं.

"नवं मॉड्यूलही गेलं?" फोनवर रेन्स्के म्हणाली. "तपासायला दुसरं कुणी पाठवू का?"

"नको, नको. मी इथंच आहे. दिवसभर लक्ष ठेवतो."

त्यानं स्केट्स काढले आणि वायर पाठीशी घालून उभा राहिला. बाउक्ये थोडा वेळ थांबली. मग "गारठले रे, मी होते पुढं," म्हणून निघून गेली.

लटपटणाऱ्याला काहीतरी धरायला लागतंच. संध्याकाळपर्यंत चारशे माणसांनी हिल्केचा खांदा धरला. डुर्कनं तीनदा धरला, आणि तिसऱ्यांदा म्हणाला, "दाजी, जरा ताठ उभे राहा की."