पास्कलमामांचं लाइव्ह

मोबाईलचं बटण दाबण्याआधी क्रुसाची खूण करणारा माणूस मी एकच पाहिलाय, आमच्या दौंडच्या घराशेजारचे पास्कलमामा. रेल्वेत गार्ड होते. मालगाड्या सांभाळताना कधी घाबरले नाहीत, पण लाइव्ह सुरू करताना दोनदा चष्मा पुसायचे.

रोज संध्याकाळी सहाला ते चर्चच्या फेसबुक पेजवर घरूनच जपमाळ म्हणायचे. त्याआधी इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल आणि मला हाक.

"माझ्या मागं काय वावगं दिसतंय का, बघ जरा."

मागे फक्त मारियामातेची तसबीर असायची. तसं सांगितलं तरी म्हणायचे, "तुला दिसत न्हाई. पण कोण बघतंय, ठावं न्हाई."

बघणारे सगळे चर्चमधलेच, दहाबारा जण. मग एके दिवशी एक अनोळखी आला. ना फोटो, ना धड नाव. त्यानं लिहिलं, "आज पण बघतोय." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्याही दिवशी तेच.

मामांना अन्न जाईना. "पुरावा गोळा करतंय कुणीतरी. उद्या म्हणतील, म्हातारा लोकान्ला बाटवतोय." त्यांनी खिडक्या लावल्या. आवाज इतका खाली आणला, की चर्चमधल्या फिलोमिनाबाईंनी बिघडला समजून आपला फोन दुरुस्तीला टाकला.

मग मेसेज आला, "दौंडात घर कुठं हाय? भेटायचंय."

त्याच दिवशी लाइव्ह बंद झालं. दाराला आतून कडी. मी ठोठावलं तरी आधी प्रश्न, "एकलाच हायेस ना?" हसता हसता मीही कोपऱ्यावर थांबलेल्या मोटारसायकली निरखायला लागलो.

पाचव्या दिवशी दुपारी तो माणूस चर्चमध्ये पत्ता विचारून थेट दारात आला. पन्नाशीचा, डोक्यावर टोपी. मामा माझ्या पाठीमागे उभे होते. माझा शर्ट त्यांनी घट्ट धरला होता.

"मामा, मी इनामगावचा," तो म्हणाला. "आईसाठी तुम्हाला घरी न्यायचं म्हणून पत्ता इचारला, तर तुम्ही बंदच केलं? आई अंथरुणाला खिळलीय. तुमच्यातलं तिला काय कळत न्हाई, पर तुमचा आवाज लागला की गप झोपती. पाच दिस झालं, तिच्या डोळ्याला डोळा न्हाई."

मामांनी माझा शर्ट सोडला. मग त्यांनी चपला घातल्या.

इनामगावात म्हातारीच्या उशाशी बसून त्यांनी अख्खी जपमाळ म्हटली, खणखणीत. ती मध्येच झोपली. मी खुणावलं, पण मामा थांबले नाहीत.

परतताना भीमेच्या पुलावर त्यांनी मला गाडी थांबवायला सांगितली.

"सिसिलिया गेल्यापासनं दिवसदिवस तोंड उघडत न्हवतो मी," ते म्हणाले. "बायकोच न्हाई, तर बोलायचं कुणाशी? म्हणून ते मोबाईलचं सुरू केलं."

मी गाडी बंद केली. त्यांनी कठड्यावरून खाली पाणी बघितलं.

"म्हातारीचं नाव इचारायचं राहिलं बघ," ते म्हणाले. "उद्या जाऊ."