भिंगबाईंचे बेडूकमासे

भिंगबाईंच्या हातून घोटाळा होणं शक्यच नव्हतं. निदान असं त्या स्वतः सांगत. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या आणि जे दिसेल ते भिंगाखाली धरायच्या, म्हणून हे नाव. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं: झाडावर राहणाऱ्या बेडकांच्या तीन जवळच्या जाती, आणि त्यांच्या पिल्लांच्या, म्हणजे बेडूकमाशांच्या, तोंडांतला फरक. काळी इवलीशी चोच, तिच्या वरखाली कंगव्यासारख्या दातांच्या रांगा. हे या मोसमात जमलं नाही, तर बेडूक पुन्हा अंडी घालेपर्यंत वर्षभर हात चोळत बसायचं.

प्रयोगशाळेत रंगकाम निघालं, म्हणून त्यांनी तीन जाती घरी आणल्या. लाल टब, निळा टब, हिरवा टब.

"रंग लक्षात ठेवला की झालं," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "गोंधळ व्हायला जागाच नाही."

दुसऱ्या दिवशी लाल आणि हिरव्या टबांत चादरी भिजत होत्या.

"अहो आई, यातले बेडूकमासे?"

"निळ्यात ओतले. सगळे सारखेच तर होते," सासूबाई म्हणाल्या. "एकही सांडू दिला नाही हो."

निळ्या टबात शाळा सुटल्यासारखी गर्दी होती. वरून बघून कोण कुठल्या जातीचं, ते भिंगबाईंनाही ओळखू येईना. पण लगेच त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. तोंडं वेगळी आहेत ना? मग तोंडं बघून निवडायचे! सुट्टीचा अख्खा दिवस त्या भिंगाला डोळा लावून बसल्या, तांदूळ निवडावेत तसे बेडूकमासे निवडले, आणि मग फरक मांडला. असा देखणा निकाल त्यांच्या उभ्या आयुष्यात आला नव्हता.

मार्गदर्शक मॅडम घरी येऊन तिन्ही टब बघून गेल्या की प्रकरणावर सही होणार होती. मॅडम आल्या, चष्मा वर केला.

"छान. पण सगळे एकत्र झाले होते म्हणालात. मग वेगळे कशावरून केलेत?"

"दातांच्या रांगांवरून."

"आणि निष्कर्ष काय?"

"की... दातांच्या रांगा वेगळ्या असतात."



"म्हणजे लांब केसांच्या मुली तुम्ही एका खोलीत बसवल्यात," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आणि शोध लावलात, की या खोलीत सगळ्यांचे केस लांब आहेत."

मग मॅडमनीच वाट दाखवली. प्रत्येक बेडूकमासा वेगळ्या कपात, कपावर क्रमांक, तोंडाचा फोटो. बेडूक झाला की अंगावरच्या खुणांवरून जात आपोआप कळेल. मग त्याचा जुना फोटो बघायचा. मग सही.

घरातले कप, पेले, वाट्या, औषधाची मापं, सगळं पाण्याने भरलं. नवरा प्रयोगशाळेच्या मोजपात्रातून चहा पिऊ लागला.

"आज दीडशे मिलिलिटरच?" तो कुरकुरला. मग ओट्यावरच्या रांगेकडे बघून म्हणाला, "यांना झाकणं नकोत का गं?"

"झाकणं कशाला? बेडूकमासे पाण्याबाहेर येत नाहीत."

त्यांना मागचे पाय फुटले, पुढचे फुटले, शेपट्या आखडल्या. अंडी एकाच सुमाराची, त्यामुळे सगळं घाईने एकदमच चाललं होतं. भिंगबाईंना आनंद मावेना. अशातच परीक्षेच्या कामासाठी त्यांना परगावी जावं लागलं. परतताना त्या मॅडमना सोबतच घेऊन आल्या.

ओट्यावर कप ओळीने मांडलेले होते. क्रमांक ठळक. पाणी नितळ, आणि अगदी स्थिर.

भिंगबाईंनी मान वर केली. भिंतीच्या फरशांवर, फ्रीजवर, घड्याळाच्या काचेवर, बोटांच्या चिकट गोल टोकांनी घट्ट धरून, इवले इवले बेडूक बसले होते. बेडूकमाशांच्या तोंडात डोकं घालून बसलेल्या बाई एक गोष्ट विसरल्या होत्या. हे बेडूक झाडावर राहणारे होते. ते चढतात.

"पट्टेवाली एक जात," मॅडम भिंतीकडे बघत म्हणाल्या, "ठिपक्यांची दुसरी, नळावरची तिसरी. शंकेला जागा नाही. आता सांगा, नळावरचा कुठल्या कपातला?"

भिंगबाईंनी कपांकडे पाहिलं, नळाकडे पाहिलं, पुन्हा कपांकडे पाहिलं.

इतक्यात वाळलेल्या चादरी काखेत मारून सासूबाई आत आल्या.

"आलीस? काल संध्याकाळपासून नुसत्या उड्या मारताहेत गं. मी कशाला हात लावला नाही हो, मागच्या वेळी तू रागावलीस. आता घालू का निळ्या टबात?"

भिंगबाईंनी नळावरचा बेडूक अलगद ओंजळीत घेतला.

"त्याला झाकण आहे का, आई?"