हिरव्या दिव्याचा भरवसा

गुलमंडीतल्या व्यंकटरावांच्या कॅमेऱ्याच्या दुकानातून 'नाही' ऐकून गिऱ्हाईक कधी परत गेलं नव्हतं. माल नसला तरी 'येतोय' म्हणायचं, ही विद्या ते स्वतःच शिकले होते. (घरीही तेच. बायकोला आधी 'हो' म्हणायचं, प्रश्न काय होता ते मग आठवायचं.)

म्हणून पुतण्या चिन्मयनं बनवलेलं मेमरी कार्ड कॉपी करायचं यंत्र त्यांना खटकायचं. दर चार-पाच कार्डांमागं लाल दिवा लागे आणि पडद्यावर येई, 'व्होल्टेज बदलता आलं नाही. कॉपी थांबवली.'

"गिऱ्हाइकासमोर असं रडतं का कुणी?"

"काका, आतला रेग्युलेटर कार्डाला बेताची वीज देतो. ते नाही जमलं तर ड्रायव्हरनं, म्हणजे कार्ड वाचणाऱ्या प्रोग्रॅमनं, थांबायलाच पाहिजे. नाहीतर काहीबाही वाचेल."

"धंद्यात थांबायचं नसतं बाबा."

चिन्मय शेंद्र्याच्या कारखान्यात ड्यूटीवर गेला तसा व्यंकटरावांनी प्रोग्रॅम उघडला. ओळीआधी दोन तिरक्या रेघा मारल्या की ती ओळ गप्प बसते, एवढं व्हिडिओ बघून त्यांना कळत होतं. त्यांनी थांबण्याची ओळ गप्प बसवली. तेव्हापासून दिवा कायम हिरवा. इतकं आज्ञाधारक त्यांच्या घरात दुसरं कुणी नव्हतं.

रविवारी पैठणहून व्याही काकासाहेब आईला घेऊन जेवायला आले. ही आई, ऐंशीच्या भामाबाई, नातवाच्या आणि व्यंकटरावांच्या मुलीच्या साखरपुड्याला दवाखान्यात होत्या. शूटिंग तरी डोळ्यांनी बघू दे, असा त्यांचा हट्ट होता. ते शूटिंग एकाच कार्डात होतं. व्यंकटरावांनी सकाळी ते दुकानातून घरी आणलेल्या यंत्रात घातलं, हिरवा दिवा पाहिला, आणि पंगतीचं शूटिंग करायला कार्ड पुसून कॅमेऱ्यात घातलं. पंगत झाली, टीव्ही लावला. चारशे बारा फायली, आणि प्रत्येकीत राखाडी पट्टे.

"हे काय वो?" काकासाहेबांनी विचारलं.

"सुरुवातीला असंच असतं," व्यंकटराव म्हणाले.

"किती येळ?"

"येतंय."

स्वयंपाकघरातून व्यंकटरावांच्या बायकोनं, मीनाक्षीताईंनी, चिन्मयला फोन लावला. त्यानं येऊन यंत्र पाहिलं, काकांकडं पाहिलं, आणि पुसलेल्यातलं काही परत मिळतं का बघायला कार्ड लॅपटॉपला लावलं. बाकी सगळ्यावर श्रीखंड-पुरीचं शूटिंग बसलं होतं. तासाभरात एकच तुकडा जिवंत निघाला. चाळीस सेकंदांचा.

भामाबाई खुर्ची ओढून टीव्हीपाशी बसल्या. पडद्यावर नवरा-नवरी कोपऱ्यात अर्धीच दिसत होती. मधोमध व्यंकटराव होते, आणि मीनाक्षीताई त्यांना विचारत होत्या, "अहो, आजींसाठी पेढ्यांचा डबा पाठवलात ना?"

"केव्हाच," पडद्यावरचे व्यंकटराव म्हणाले आणि त्यांनी त्याच डब्यातला पेढा तोंडात टाकला.

भामाबाईंनी चष्मा पुसून परत लावला.

"पोरा," त्या चिन्मयला म्हणाल्या, "लई साफ आलंय. परत लाव."