आपटेकाकांचा तह

आमच्या शेजारच्या आपटेकाकांच्या दाराला बेल आहे आणि ती व्यवस्थित वाजतेही. पण ती वाजवली तर काका दार उघडत नाहीत. त्यांच्याकडे जायचं असेल तर फाटकाजवळच्या कचऱ्याच्या बिनवर ढोल बडवल्यासारखा हात बडवायचा आणि चार पावलं मागे सरकून उभं राहायचं. मग वरची खिडकी उघडते आणि विचारणा होते, "शर्ती काय?"

मी पुण्याहून बर्मिंगहॅमला नवा नवा आलो तेव्हा मला हे कोणी सांगितलं नव्हतं. या आठवड्यात कुठली बिन बाहेर ठेवायची, एवढंच विचारायला गेलो होतो. बेल दाबून दाबून बोट दुखायला लागलं. शेवटी वैतागून बिनवर थाप मारली, तर काका लगेच हजर.

"बेल वाजवणारा हल्ला करायला येतो," ते म्हणाले. "ढोल वाजवणारा बोलायला येतो. जुन्या युरोपात हे शेंबड्या पोरालाही कळायचं."

मला कळलं नाही. मी एका बँकेच्या आयटीत काम करतो. आमच्याकडे जो तो न सांगताच हल्ला करतो.

काका मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले. इथल्या किल्ल्यांमध्ये सुट्टीच्या दिवशी चिलखतं घालून लुटुपुटूची लढाई करणारे हौशी लोक असतात, त्यांना काका अजिबात मोजत नाहीत. "लढायला काय, कुणीही लढतं," ते म्हणतात. "हरायचं कसं, ते बघ. त्याचे जुन्या युरोपातल्या लोकांनी नियम केले होते."

हे नियम मी त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलेत की झोपेतही सांगेन, कळोत न कळोत. वेढा पडला की किल्लेदाराने अब्रू राहील इतपत लढायचं. मग तटाला भगदाड पडायच्या आत ढोल वाजवून तह करायचा. अशा किल्लेदाराला मानाने बाहेर पडता येई. पुढे ढोल, वर निशाण, बरोबर एखाददुसरी तोफ आणि शिपायांच्या तोंडात बंदुकीची गोळी.

"तोंडात?" मी विचारलं होतं.

"घाईत बंदूक ठासायची तर हात मोकळे नकोत? म्हणून गोळ्या तोंडात धरायचे. तशीच गोळी धरून बाहेर पडायचं. म्हणजे आम्ही निघालोय, पण मोडलो नाही! आणि भगदाड पडेपर्यंत ताणलं, तर मग शर्ती नाहीत, सुमेध. मग सगळं दुसऱ्याच्या दयेवर."

मी "हो काका" म्हणालो आणि घरी जाऊन कपडे वाळत घातले.

काकू होत्या तेव्हा हा कायदा घरातही चाले, असं काकांनीच सांगितलं. भांडण झालं की काकू स्वयंपाकघर धरून बसत आणि काका हॉलमधून वेढा घालत. राग उतरला की काकू लाडवांच्या डब्यावर लाटणं बडवत. आधी शर्ती, मग चहा. काकू गेल्या, स्वयंपाकघर गप्प झालं, आणि त्यानंतर हे बिनचं सुरू झालं. या दोन गोष्टींचा काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यात फार उशिरा शिरलं.

काकांची मुलगी रिया लंडनमध्ये क्रॉयडनला असते. जन्म इथलाच, त्यामुळे तिचं मराठी स्वतःच्या मर्जीने चालतं. "बाबा, तुझी जिना खूप डेंजरस आहे. माझ्याकडे ये ना," हे ती दोन वर्षं म्हणत होती. काकांचं उत्तर ठरलेलं होतं. "वेढा चालू राहू दे."

आणि एका शनिवारी माझ्याच दारातली बिन वाजली. बाहेर काका, कडक इस्त्रीच्या शर्टात.

"तू आमचा ढोलवाला. क्रॉयडनला कळव, किल्ला देतोय. मागच्या गल्लीतून नाही, पुढच्या दाराने निघणार. ढोल वाजला पाहिजे, निशाण फडकलं पाहिजे. तोफ म्हणून काकूचा चकलीचा सोऱ्या नेणार. आणि तोंडात गोळी."

मी फोन केला. रियाने सगळं दोनदा सांगायला लावलं.

"सुमेध, टू इयर्स तो नो म्हणतो, आणि आता एकदम येस? समथिंग इज राँग. तू खरं सांग, बाबा ठीक आहे ना?"

मला काय माहीत? मी काकांकडे परत गेलो. नेहमीसारखं डोकं चक्रावलेलं होतंच, त्यात थोडा रागही होता. "काका, हे काय चाललंय? ती घाबरलीय."

काकांनी खुर्चीत बसून पँट वर केली. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पाय काळानिळा झाला होता.

"जिन्यावरून पडलो. दुपारभर तिथंच होतो. डॉक्टरला दाखवलंय, हाड शाबूत आहे." त्यांनी पँट खाली केली. "भगदाड पडलंय. बाहेरून दिसत नाही, तोवर तह उरकू. रियाला कळलं तर ती जन्मभर म्हणत बसेल, मी आधीच का नाही आणलं बाबाला. त्यापेक्षा म्हातारा चळला, असं म्हणू दे."

एवढे दिवस ऐकलेल्या त्या सगळ्या वेढ्यांतलं मला पहिल्यांदाच काहीतरी कळलं, आणि कळलं ते सोसवेना.

पुढच्या रविवारी रिया गाडी घेऊन आली. वेढा घालणाऱ्याने टोपी काढून उभं राहायचं, हीसुद्धा एक शर्त होती. बिचारी रिमझिम पावसात लोकरीची टोपी हातात धरून फाटकाशी उभी राहिली. मी काकूंचा लाडवांचा डबा आणि लाटणं घेऊन पुढे झालो. काकांनी खिशातून खोकल्याची गोळी काढून गालात धरली, काठीला बांधलेला टॉवेल उंच केला, सोऱ्या काखेत मारला आणि पायरी उतरले. समोरची आयरिश बाई चहाचा मग घेऊन दारात आली होती, ती उगीचच ताठ उभी राहिली.

काका ताठ चालत होते, पण डावा पाय ऐकत नव्हता.

"बाबा, तुझी पाय?" रिया म्हणाली.

काकांनी बोटाने गाल दाखवला. तोंडात गोळी आहे, बोलता येत नाही.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी लाटणं जोरात हाणायला लागलो. मला दुसरं काही सुचलंच नाही.

रियाने पुन्हा एकदा त्या पायाकडे पाहिलं. मग टोपी खिशात कोंबून ती काकांच्या डाव्या बाजूला आली आणि तिने त्यांचं कोपर धरलं. विचारलं काहीच नाही. तिला दिसलं होतं, आणि तरी तिने तह मोडला नाही. ही पोर खरी आपट्यांची.

काका गाडीत बसले. मी खिडकीशी गेलो, वाटलं आता तरी काहीतरी बोलतील. खोकल्याची गोळी काही इतका वेळ टिकत नाही, केव्हाच विरघळली असणार. पण काकांनी ओठ घट्ट मिटून घेतले होते आणि डोळे पुसायलाही हात वर केला नाही, कारण हातात निशाण होतं. गाडी कोपऱ्यावर वळली तरी मी डबा वाजवतच होतो.